सुरैया : शेवटच्या गायिका-नायिकेचे एकटेपण

सुरैयाचे नाव निघाले की तीन गोष्टी एकापाठोपाठ आठवतात : तिचा आवाज, देव आनंदशी तिचे न झालेले लग्न आणि मरीन ड्राईव्हवरच्या 'कृष्ण महल'मधले तिचे अखेरचे एकाकी आयुष्य. या तिन्हींची सांगड आता इतकी घट्ट बसली आहे की एक दुसरीचे कारण आणि दुसरी तिसरीचा परिणाम आहे, असे आपण सहज मानून चालतो. प्रेम फसले म्हणून ती एकटी राहिली, आणि एकटी राहिली म्हणून तिच्या आवाजात ती आर्तता आहे, असा हा हिशेब. तो ऐकायला गोड वाटतो, पण कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या गाण्यांत आपल्याला तिचे दुःख ऐकू येते, त्यांतली अनेक ते दुःख घडण्यापूर्वीची आहेत. सुरैयाच्या एकटेपणाची एक वेगळी आणि बरीच आधीची हकीकत आहे, आणि ती एका कलाप्रकाराच्या अंताशी निगडित आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते येथे मांडून पाहायचे आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1931 साली 'आलम आरा' बोलू आणि गाऊ लागला तेव्हा पडद्यावर गाणारा माणूस स्वतःच गात असे. मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून गाणारा नट हाच त्याच्या लेखी खरा नट होता, आणि बालगंधर्वांनी तर गाणे आणि अभिनय यांच्यामधली रेघच पुसून टाकली होती. 'अयोध्येचा राजा'मध्ये (1932) दुर्गा खोटे स्वतः गायल्या, 'संत तुकाराम'मध्ये (1936) विष्णुपंत पागनीस स्वतः गायले, 'कुंकू'मध्ये (1937) शांता आपटे स्वतः गायल्या. आवाज आणि चेहरा ही एकाच व्यक्तीची मालमत्ता असणे हा त्या काळाचा स्वाभाविक नियम होता. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग केला आणि हा नियम मोडण्याची तांत्रिक सोय निर्माण झाली. पण सोय होणे वेगळे आणि तिची रीत होणे वेगळे. पुढची दहा-बारा वर्षे सैगल, खुर्शीद, नूरजहाँ ही मंडळी गात होती आणि त्यांचे चेहरे त्यांच्या आवाजांसह प्रेक्षकांपुढे येत होते. सुरैया या पिढीची सर्वांत धाकटी वारसदार.

15 जून 1929 रोजी पंजाबात जन्मलेली सुरैया जमाल शेख लहानपणीच मुंबईला आली. तिचे मामा जहूर हे चित्रपटांत खलनायकाच्या भूमिका करीत. शाळेच्या सुटीत त्यांच्याबरोबर मोहन स्टुडिओत 'ताजमहल'चे चित्रीकरण पाहायला गेलेली ही मुलगी दिग्दर्शक नानूभाई वकील यांच्या नजरेत भरली आणि 1941 च्या त्या चित्रपटात ती छोटी मुमताज झाली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ती मुलांच्या कार्यक्रमात गात असे. तेथला तिचा आवाज नौशाद यांच्या कानी पडला. कारदार यांच्या 'शारदा'मध्ये (1942) त्यांनी तिला गायला लावले, पण ते स्वतःसाठी नव्हे, तर नायिका मेहताबसाठी. मायक्रोफोनपर्यंत पोहोचावे म्हणून तिला स्टुलावर उभे करावे लागले, असे सांगतात. तेरा वर्षांच्या पोरीचा आवाज एका प्रौढ नायिकेच्या ओठांवर बसवला गेला आणि तो तेथे शोभलाही. जिची कीर्ती पुढे स्वतःच्या चेहऱ्याने स्वतःचे गाणे गाण्यावर उभी राहिली, आणि पार्श्वगायनाची रीत रूढ होताच जिचा प्रांत आकसत गेला, तिची सुरुवात पार्श्वगायिका म्हणून व्हावी, ही इतिहासाची एक गमतीदार चाल म्हणावी लागेल.

सुरैयाने शास्त्रीय गायनाची रीतसर तालीम घेतलेली नव्हती. नूरजहाँच्या आवाजातली झेप आणि तानांवरची हुकमत तिच्याकडे नव्हती आणि तिने तसा आवही आणला नाही. तिचा आवाज किंचित जाड, मऊ आणि जराशा अनुनासिक वळणाचा होता. त्याचा पल्ला फार मोठा नव्हता. पण शब्द उच्चारताना ती त्याला बोलण्याच्या इतक्या जवळ ठेवी की गाणे संवादातूनच उमलल्यासारखे वाटे. वाक्य बोलून झाले, पुढचे वाक्य चालीत आले, एवढाच काय तो फरक. उर्दू शब्दांचे स्वच्छ उच्चार, ओळीच्या शेवटी स्वर अलगद सोडून देण्याची लकब आणि कोणत्याही मुरकीचे प्रदर्शन न करण्याचा संयम हे तिचे विशेष. आपण गातो आहोत याचे तिला भान नसावे, असा भास ती निर्माण करते. हा भास पार्श्वगायनात सहसा साधत नाही, कारण तेथे गाणे सुरू होताच पडद्यावरच्या स्त्रीला दुसरा आवाज फुटतो. प्रेक्षक त्या सांध्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, एवढेच. सुरैयाच्या बाबतीत असा सांधा नव्हताच. तिचा मोहकपणा ज्याला म्हणतात तो आमच्या मते या सलगपणात आहे. ती काही असामान्य रूपवती नव्हती, नृत्यात फार निपुण नव्हती, अभिनयाची तिची मर्यादा तिच्या चाहत्यांनाही माहीत होती. पण हसताना, रुसताना आणि गाताना ती एकच मुलगी होती.

जयंत देसाई यांच्या चित्रपटाच्या तालमीत तिचे गाणे ऐकून स्वतः कुंदनलाल सैगल यांनी 'तदबीर'साठी (1945) तिचे नाव सुचवले. सैगल तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. 'तदबीर', 'उमर खय्याम' (1946) आणि 'परवाना' (1947) हे तिचे त्यांच्यासमवेतचे तीन चित्रपट. याच काळात मेहबूब खान यांच्या 'अनमोल घडी'त (1946) ती नूरजहाँ आणि सुरेंद्र यांच्याबरोबर दुय्यम नायिका होती. प्रमुख भूमिकांतील तिघेही स्वतः गाणारे असलेला हा चित्रपट त्या परंपरेचा जणू भरलेला दरबार होता.

हा दरबार उठायला दोन वर्षेही लागली नाहीत. 18 जानेवारी 1947 रोजी सैगल गेले. त्याच वर्षी फाळणी झाली आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेली. 1948 मध्ये खुर्शीदही गेली. सुरैया मुंबईतच राहिली. एकोणिसाव्या वर्षी ती हिंदी चित्रपटातल्या गायिका-नायिकांच्या परंपरेची जवळजवळ एकटी प्रतिनिधी उरली होती. तिच्या एकटेपणाचा पहिला अध्याय येथे सुरू होतो, आणि त्यात देव आनंदचा काही संबंध नाही. ज्यांच्याकडे पाहून शिकायचे, ज्यांच्याशी स्पर्धा करायची, ज्यांच्या तुलनेत आपले मोल ठरायचे, ती माणसे दीड-दोन वर्षांत मंचावरून निघून गेली. बोलणारा एकच माणूस उरलेल्या बोलीची जी अवस्था होते, तीच या कलाप्रकाराची झाली.

वरवर पाहता मात्र हीच तिच्या वैभवाची वर्षे आहेत. 'प्यार की जीत' (1948), 'बडी बहन' (1949) आणि 'दिल्लगी' (1949) यांनी तिला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. हुस्नलाल-भगतराम यांच्या ठेकेदार, सोप्या चाली आणि नौशाद यांच्या बांधेसूद रचना तिच्या आवाजाला सारख्याच मानवल्या. त्या काळातल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नायिकांत तिची गणना होई. मरीन ड्राईव्हवर तिच्या घरासमोर चाहत्यांची गर्दी जमे.

पण 'बडी बहन' लक्षपूर्वक पाहावा. त्यात सुरैया स्वतःची गाणी स्वतः गाते, आणि धाकट्या बहिणीच्या भूमिकेतल्या गीता बालीसाठी लता मंगेशकर यांचा आवाज आहे. एकाच चित्रपटात, एकाच घरातल्या दोन बहिणींच्या रूपाने, मावळती रीत आणि उगवती रीत शेजारी-शेजारी उभ्या आहेत. त्याच वर्षी 'महल', 'अंदाज' आणि 'बरसात' आले आणि लतादीदींचे युग सुरू झाले. 'महल'च्या गाण्याच्या तबकडीवर आरंभी गायिकेच्या नावाऐवजी चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी'चे, नाव छापलेले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आवाजाला स्वतंत्र मालकी असू शकते हे ध्वनिमुद्रिका कंपनीलाही अजून पुरते उमगलेले नव्हते. पुढे ते उमगले आणि निर्मात्याला मोठीच मोकळीक मिळाली. आता नायिकेला गाता आले नाही तरी चालणार होते आणि गायिका देखणी असण्याची गरज उरली नव्हती. दोन गुण एकाच देहात शोधण्याचा खटाटोप संपला. सुरैयाला पर्याय सापडला तो दुसऱ्या सुरैयाच्या रूपाने नव्हे. मधुबाला, नर्गिस, गीता बाली यांचे चेहरे आणि लतादीदींचा आवाज यांच्या बेरजेने तो सापडला. तिचा कोणी पराभव केला नाही. ती ज्या अटीवर अद्वितीय होती ती अटच रद्द झाली.

या पार्श्वभूमीवर देव आनंदची कहाणी पाहिली म्हणजे तिचे प्रमाण नीट कळते. 'विद्या' (1948) ते 'सनम' (1951) या अवधीत दोघांनी सात चित्रपट केले. 'विद्या'च्या वेळी देव आनंद उमेदवारी करणारा नट होता आणि सुरैया प्रस्थापित तारका. नवकेतन या आनंद बंधूंच्या संस्थेचा पहिला चित्रपट 'अफसर' (1950) गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वर बेतलेला होता, आणि त्यातले सर्वांत मोठे नाव सुरैयाचेच होते. दोघांच्या विवाहाला तिच्या आजीचा, बादशाह बेगम यांचा, आणि मामांचा सक्त विरोध होता. धर्म वेगळा होता आणि फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. विरोध मोडण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, असे पुढे मुलाखतींत तिने सांगितले. 1954 च्या जानेवारीत देव आनंदने कल्पना कार्तिकशी विवाह केला. सुरैया अविवाहित राहिली.

या प्रसंगाकडे केवळ विफल प्रेम म्हणून पाहणे मराठी साहित्याच्या अभ्यासकाला तरी पुरेसे वाटू नये. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' 1933 सालचे. शिकलेली, मिळवती, पण स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेऊ न शकणारी मुलगी त्या कथांनी आपल्या साहित्यात आणली. मिळकतीने तिला घरात महत्त्व दिले, स्वातंत्र्य मात्र दिले नाही. उलट ती मिळवती आहे म्हणूनच घराला तिच्यावरची पकड सैल करवेना. सुरैया बाराव्या वर्षापासून कॅमेऱ्यापुढे होती. तिची आजी चित्रीकरणाच्या जागीही सोबत असे. देशभरच्या तरुणांच्या मनावर राज्य करणारी ही मुलगी घरात नातच होती. शिरूरकरांच्या नायिका पुण्या-मुंबईतल्या पांढरपेशा घरांतल्या आणि सुरैया पंजाबी मुसलमान घरातली. भाषा, धर्म आणि व्यवसाय सारेच निराळे. तरी कोंडी तीच आहे. हे साम्य ध्यानात घेतले म्हणजे तिच्या कहाणीतले 'धैर्य नसणे' हा एका व्यक्तीचा दोष उरत नाही.

आणि 1954 हेच वर्ष 'मिर्झा गालिब'चे. सोहराब मोदींच्या या चित्रपटाची कथा मंटोची, संवाद राजिंदर सिंह बेदींचे आणि संगीत गुलाम मोहम्मद यांचे. कथा लिहिणारा मंटो तोवर लाहोरला गेलेला होता. दिग्दर्शकाची पत्नी म्हणजे बारा वर्षांपूर्वी 'शारदा'मध्ये जिला सुरैयाने आवाज दिला होता ती मेहताब. भारत भूषण गालिब झाला आणि सुरैया त्याच्यावर जीव जडवणारी, त्याच्या गझला गाणारी चौदहवीं. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक 1953 साठी आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले होते, दुसरे 1954 साठी 'मिर्झा गालिब'ला मिळाले. पंतप्रधान नेहरूंनी सुरैयाचे कौतुक करताना तिने गालिबचा आत्मा जिवंत केल्याचे म्हटले, असे सांगितले जाते.

या चित्रपटातल्या गझला ऐकताना तिच्या बोलण्याजवळच्या गायकीचे मोल सर्वाधिक जाणवते. गालिबचा शेर समजून घ्यावा लागतो. त्याचा अर्थ बहुधा दुसऱ्या मिसऱ्यात अचानक उलटतो. गायकाने तानांची आतषबाजी केली तर तो उलटलेला अर्थ हरवतो. सुरैया शब्दाला वाट देते, अर्थ वळतो तेथे किंचित थांबते आणि मग पुढे जाते. पडद्यावर चौदहवीं शेर म्हणत असते आणि तिच्या चेहऱ्यावर तो शेर तिला आत्ताच उमगल्याची खूण दिसते. आवाज आणि चेहरा एकाच व्यक्तीचे असल्याखेरीज हे कसे साधावे? पार्श्वगायनाची रीत सर्वत्र रूढ झाल्यावर आलेला हा चित्रपट म्हणजे जुन्या रीतीने दिलेले तिचे सर्वांत समर्थ उत्तर आहे. मात्र त्या उत्तराने रीत बदलली नाही. नंतरचे तिचे चित्रपट तुरळक झाले.

तिचा अखेरचा चित्रपट 'रुस्तम सोहराब' (1963), आणि त्याचे दिग्दर्शक विश्राम बेडेकर, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते. 'रणांगण'चे (1939) लेखक आणि 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांचे पती ते हेच. 'रणांगण'मध्ये चक्रधर आणि हॅर्टा यांची मुंबई बंदरात ताटातूट होते, कारण एकमेकांवर प्रेम करणे आपल्या हाती असले तरी वंश, राष्ट्र आणि युद्ध ही आपल्या हाती नसतात. तो लेखक चोवीस वर्षांनी मुंबईतच, धर्माच्या भिंतीपाशी थांबलेल्या एका स्त्रीला तिच्या शेवटच्या चित्रपटात दिग्दर्शित करीत होता. हा केवळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा इरादा नाही. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तली ती कथा. सुरैयाची भूमिका रुस्तमच्या मागे राहिलेल्या तहमिनाची, सोहराबच्या आईची. सोहराब झालेला प्रेमनाथ वयाने तिच्याहून मोठा होता. सज्जाद हुसेन यांनी या चित्रपटात तिला दिलेले गाणे अवघड आहे, अनपेक्षित जागी वळणारे आहे, आणि ते तिने पूर्वीच्याच सहजतेने पेलले आहे. तेव्हा तिचे वय अवघे चौतीस होते. म्हणजे आवाज संपला म्हणून ती थांबली, असे म्हणता येत नाही.

त्यानंतर ती एक्केचाळीस वर्षे जगली आणि चित्रपटासाठी पुन्हा गायली नाही. 31 जानेवारी 2004 रोजी मुंबईत तिचे निधन झाले आणि मरीन लाईन्सच्या बडा कबरस्तानात तिचे दफन झाले. 2013 मध्ये भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत तिचा चेहरा आहे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. सुरैया आणि देव आनंद यांच्या प्रेमाची जी कहाणी आज सर्वतोमुखी आहे, ती बव्हंशी देव आनंदने सांगितलेली आहे. त्याचे आत्मचरित्र 2007 मध्ये, तिच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. सुरैयाने काही मुलाखती दिल्या, पण आत्मचरित्र लिहिले नाही. मराठीत अभिनेत्रींनी स्वतःची कथा स्वतः सांगण्याची परंपरा आहे : हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' (1970) असो की दुर्गाबाईंचे 'मी, दुर्गा खोटे' (1982). हंसाबाईंचे एकटेपण आपल्याला त्यांच्या शब्दांत कळते. त्यात त्यांचा राग आहे, त्यांचा विनोद आहे, त्यांनी मारलेल्या उड्या आहेत आणि खाल्लेल्या खस्ता आहेत. सुरैयाचे एकटेपण आपल्याला इतरांच्या शब्दांतच कळते, आणि म्हणून ते इतके गुळगुळीत, इतके सुबक झाले आहे. समुद्राकाठचे घर, आयुष्यभर जपलेली आठवण, खिडकीतली वृद्ध तारका, हे चित्र आपण चितारलेले आहे. त्या घरातली सकाळ कशी असे, ती स्वतःची जुनी गाणी ऐकत असे की टाळत असे, न गाण्यात तिला सुटका वाटे की उणीव, यांविषयी पुराव्याने बोलता येण्याजोगे साहित्य तिने मागे ठेवले नाही. ज्या स्त्रीच्या आयुष्याचे बहुतेक निर्णय इतरांनी घेतले, तिने स्वतःविषयी गप्प राहण्याचा निर्णय मात्र स्वतः घेतलेला दिसतो. त्याचा मान राखायला हवा.

मग तिच्या गाण्यांत ऐकू येणाऱ्या त्या आर्ततेचे काय करायचे? 1949 चे गाणे आपण 2004 च्या बातमीसह ऐकतो आणि वीस वर्षांच्या मुलीच्या आवाजात चौऱ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीचे दुःख शोधतो. कवीच्या चरित्रावरून कवितेचा अर्थ लावू नका, असे वर्गात सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांनी तरी हा मोह आवरावा. तिची त्या वर्षांतली गाणी एकदा मनातून चरित्र वजा करून ऐकावीत. त्यांत खट्याळपणा आहे, लाडिक तक्रार आहे, तारुण्याचा बिनघोर आनंद आहे. ती मुलगी आनंदाने गात होती, आणि तिचा आनंद तिला परत करणे हे आपल्याला आजही शक्य आहे. उरते ते दुसरे एकटेपण, ज्याला पुरावा आहे : 1947 नंतर ओसरत गेलेल्या एका परंपरेत मागे राहिलेल्या आणि 1954 मध्ये तिची पुरती ताकद एकदा दाखवून देणाऱ्या गायिकेचे. आवाज आणि चेहरा पुन्हा एका देहात आणण्याचे प्रयत्न हिंदी चित्रपटात नंतरही झाले, पण ती रीत पुन्हा रुजली नाही. 'मिर्झा गालिब' आज सहज पाहता येतो. चौदहवीं बोलता बोलता गाऊ लागते ती जागा त्यात अवश्य ऐकावी. तेथे आवाज बदलत नाही.